‘उत्तर आलं’ असंच म्हणतो ना आपण?

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी ११ वर्षं गणित शिकवते. मागच्या महिन्यात सातवीला ऋण संख्यांचा गुणाकार घेत होते. रापणकाराच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्याच्या) घरातली एक मुलगी उभी राहिली. "बाई, ऋण गुणिले ऋण धन, ह्या कोणी ठरवल्यान?" तास संपत आला होता, अभ्यासक्रम मागे पडला होता. मी म्हटलं, "नियम आहे तो, पाठ कर." ती म्हणाली, "आणि दुसऱ्यान दुसरा ठरवल्यान तर? माझो बापूस दर्यात जाता. थंय कोणी ठरवून काय होणा नाय." वर्ग हसला. मीही हसले. त्या दिवसापासून तिने एकही प्रश्न विचारलेला नाही. वहीतली गणितं बरोबर असतात, पण मान खाली असते. मला तिच्या बाकाकडे बघवत नाही. गणित माणसाने बनवलं, की ते आधीपासून होतंच आणि आपल्याला सापडलं? माझंच नक्की नसताना मी तिला काय सांगू?

– एक शिक्षिका

प्रिय बाई,

आधी त्या हसण्याबद्दल बोलू. गणिताचा प्रश्न अडीच हजार वर्षं थांबलाय, अजून आठवडाभर थांबेल. सातवीतली मुलगी तेवढी थांबत नाही. उद्याच्या तासाला, वर्ग भरलेला असताना, फळ्यावर काही लिहायच्या आधी तिला सांगा, "त्या दिवशी तू विचारलंस ते फार मोठं होतं. मी घाईत छोटं उत्तर दिलं आणि वर हसले. माझं चुकलं." एकटीला बाजूला घेऊन सांगू नका. हसणं सगळ्यांसमोर झालं, तर हेही सगळ्यांसमोरच व्हायला हवं. मी रत्नागिरी जिल्ह्यात ३२ वर्षं गणित शिकवलं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका मुलाने विचारलं होतं, शून्याने का भागायचं नाही? मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही." तो खाली बसला आणि दहावीपर्यंत पुन्हा काही विचारायला उठला नाही. त्याचं ते खाली बसणं मला अजून दिसतं.

आता तिच्या प्रश्नाकडे वळू. तिने खरं तर दोन प्रश्न विचारलेत. कोणी ठरवलं, हा पहिला. दुसऱ्याने वेगळं ठरवलं तर काय, हा दुसरा, आणि सगळी गोम या दुसऱ्यात आहे. मोठमोठ्या गणितज्ञांचं यावर एकमत नाही. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणाऱ्या हार्डी यांनी १९४० साली लिहिलं की गणिताचं जग आपल्या बाहेर आहे आणि आपण ते फक्त बघतो. त्याच काळातले डच गणितज्ञ ब्राउवर यांचं म्हणणं नेमकं उलट होतं: गणित माणसाच्या मनात रचलं जातं, मनाबाहेर ते नाही. तेव्हा मालवणच्या सातवीतल्या मुलीला हा प्रश्न पडला, यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तिच्या बापाच्या दर्यावरूनच सुरुवात करा. धक्क्याच्या खांबावर फुटाफुटाच्या खुणा आहेत असं समजा. सुकती लागली आहे, पाणी तासाला १ फूट उतरतंय. उतरणं म्हणून ते −१ लिहू. आणखी ३ तासांनी पाणी कुठे असेल? ३ फूट खाली. (−१) × ३ = −३. इथपर्यंत वर्गात कोणी अडत नाही. मग विचारा, ३ तासांपूर्वी पाणी कुठे होतं? मागचे तास म्हणून −३. खाडीकाठचं कुठलंही पोर क्षणात सांगेल, "वर होता, ३ फूट." म्हणजे (−१) × (−३) = +३. (खरी सुकती दर तासाला सारखी उतरत नाही, मधल्या तासांत तिचा वेग जास्त असतो. ही हरकत त्या मुलीने घेतली तर तिची पाठ थोपटा आणि 'शिकण्यापुरतं सारखं धरू' म्हणा.)

आता या उदाहरणात माणसाने काय काय ठरवलं ते तिलाच वेचायला सांगा. उतरण्याला ऋण म्हणायचं, हे आपण ठरवलं. मागच्या वेळेला ऋण म्हणायचं, हेही आपणच ठरवलं. फूट आपला, तास आपला, आडवी रेघ आपली. पण ३ तासांपूर्वी पाणी वर होतं, हे कोणी ठरवलं? कोणीच नाही.

आपली मराठी इथे फार मदत करते. आपण म्हणतो, गणित मांडलं. उत्तराला मात्र आपण 'केलं' म्हणत नाही, 'उत्तर आलं' म्हणतो. मांडणारे आपण, येणारं ते. बाजारात हिशोब करणारी बाईही असंच बोलते आणि विद्यापीठातला प्राध्यापकही. ज्यांनी ही क्रियापदं रुळवली त्यांना या वादाची वार्ता नसेल, पण कुठे माणसाचा हात थांबतो हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. दुसरीकडे 'शोध' या शब्दाने मात्र आपला घोटाळा करून ठेवलाय. अमेरिकेचा शोध लागला आणि टेलिफोनचाही शोध लागला. एक आधीपासून तिथे होती, दुसरा कोणीतरी बसून बनवला, आणि शब्द एकच. 'शून्याचा शोध भारतात लागला' हे वाक्य आपण पाठ करतो ते यातल्या कुठल्या अर्थाने, हे मीही नोकरीची कितीतरी वर्षं स्वतःला विचारलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर ते याच दोन क्रियापदांत आहे. मांडणी माणसाची. उत्तर माणसाचं नाही.

पण नुसत्या दर्याच्या उदाहरणावर थांबू नका, कारण ती हुशार आहे. ती म्हणेल, पाण्याचं ठीक आहे, पण नुसत्या आकड्यांचं काय? तेव्हा फळ्यावर हे लिहा: (−३) × (२ + (−२)). कंसात शून्य आहे, म्हणून सगळं मिळून शून्य. आता कंस सोडवा. (−३) × २ म्हणजे −६. उरला (−३) × (−२). दोघांची बेरीज शून्य व्हायची तर तो +६ असायलाच हवा. कोणी हट्टाने म्हटलं की मी तो −६ ठरवतो, तर बेरीज −१२ होईल, म्हणजे शून्याला −३ ने गुणून −१२. ठरवायला बंदी नाही, पण मग कंस सोडवायची नेहमीची रीत सोडावी लागेल. ती रीत गेली की २३ × ७ करताना २० × ७ आणि ३ × ७ वेगळं करून मिळवता येणार नाही. मच्छी लिलावातला हिशोबही बंद पडेल. एक दोरा ओढला की सगळं जाळं उसवतं, हे रापणकाराच्या मुलीला तुम्ही सांगायची गरज नाही.

हे कोणी ठरवलं, याचं इतिहासातलं उत्तरही तिला द्या. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम त्यांनी त्यात नीट मांडले, आणि ऋण गुणिले ऋण धन हाही त्यांत आहे. धन म्हणजे गाठीला असलेलं, ऋण म्हणजे देणं. शब्द व्यवहारातले, माणसाचे. (आणि हे सहज गळी उतरतं असं समजू नका. त्यानंतर हजाराहून जास्त वर्षांनी, १७५८ साली, मॅसेरेस नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ऋण संख्यांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. तुमची मुलगी बऱ्या सोबतीत आहे.)

पण मला तिला सांगावीशी वाटते ती गोष्ट पुढची आहे. त्याच ग्रंथात ब्रह्मगुप्तांनी शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असंही लिहिलं. एवढा मोठा माणूस, शून्याला गणितात हक्काची जागा देणारा, त्याने ठरवलं. आणि ते टिकलं नाही. का? भागाकार म्हणजे उलटा गुणाकार. ० ÷ ० किती, तर ज्याला ० ने गुणलं की ० येईल तेवढे. ५ चालतात, १०० चालतात, −७ चालतात. एक उत्तर निवडायला काही आधारच नाही. मासळी शून्य आणि वाटेकरीही शून्य, तर एकेका वाट्याला किती? रापणीच्या वाट्यांचा हिशोब घरात ऐकलेल्या मुलीला हा प्रश्न घाला आणि तिचा चेहरा बघा. गणित नुसतं ठरवून होत असतं, तर ब्रह्मगुप्तांचं वाक्य आज पुस्तकात असतं. त्यांचे गुणाकाराचे नियम राहिले आणि हा भागाकार गळून पडला, ही निवड कोणा माणसाने आपल्या मर्जीने केलेली नाही. दर्यात ठरवून काही होत नाही म्हणते ना ती? इथेही होत नाही.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाची अजून एक बाजू आहे. दोघांनी एकमेकांना न विचारता मांडलं तर? आपल्याच किनाऱ्याने खाली गेलं की केरळ. तिथे चौदाव्या शतकात संगमग्रामचे माधव होऊन गेले. १ मधून एक तृतीयांश वजा, मग एक पंचमांश मिळवा, मग एक सप्तमांश वजा, असं न थांबता करत गेलं की वर्तुळाच्या परीघाचं व्यासाशी जे गुणोत्तर, त्याचा चौथा हिस्सा मिळतो, हे त्यांच्या परंपरेला माहीत होतं. ज्येष्ठदेवांनी सोळाव्या शतकात ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात त्याची उपपत्तीही दिली, आणि तीही मल्याळममध्ये, लोकांच्या भाषेत. युरोपात ग्रेगरी आणि लायब्निझ तिथेच पोचले ते १६७० च्या दशकात. त्यांना माधवांचं नाव ठाऊक असल्याचा पुरावा नाही. संस्कृत श्लोक कोणी रचावेत आणि लॅटिन पत्र कोणी लिहावं, हे ज्याचं त्याने ठरवलं. पण एक तृतीयांशानंतर एक पंचमांशच का यावा, हे दोघांपैकी कोणाच्याही हातात नव्हतं. मला हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

'बनवलं' म्हणणाऱ्यांचं म्हणणंही तिला मनापासून सांगा, कारण त्यांच्या हातात जोरदार दाखला आहे. शाळेत आपण शिकवतो की त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत सरळ खाली या, विषुववृत्तावरून पृथ्वीचा पाव फेरा चाला, परत ध्रुवावर जा. तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी समांतर रेषांबद्दलचं युक्लिडचं गृहीतक बदलून पाहिलं आणि तिसरीच भूमिती उभी राहिली, जिच्यात बेरीज १८० पेक्षा कमी भरते. म्हणजे सुरुवातीचं गृहीतक निवडायची मोकळीक माणसाला आहे. हे खरं आहे आणि लपवू नये. पण एकदा निवडलंत की पुढचं सगळं तुमच्या हातून सुटतं. बुद्धिबळात घोड्याने अडीच घरं चालायचं, हा नियम माणसाने केला. तो घोडा एका कोपऱ्यातून निघून, चौसष्ट घरांत प्रत्येक घरी एकदाच जाऊन, तिरक्या रेषेत समोर असलेल्या कोपऱ्यात कधीच थांबू शकत नाही, हे कोणी केलं? घोड्याची प्रत्येक चाल घराचा रंग बदलते, चाली ६३ लागतात, आणि तिरक्या रेषेतले समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात. नियम करणाऱ्याच्या मनातही हे नसेल. मग गृहीतकं निवडायच्या मोकळीकीमुळे सगळं गणितच 'बनवलेलं' ठरतं, हे मला पटत नाही.

आपल्या कोकणाची कथाही तिला ठाऊक असेलच. परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि भूमी वर आली. भूमी त्याने घडवली, असं कथा म्हणत नाही. बाण त्याचा होता, आणि तो कुठे मारायचा हेही त्याचं.

आता कामाचं सांगते. मुलीचे वडील भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगत असतील. आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत तुम्हीही ऐकली असेल: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. माझ्या लहानपणी वेंगुर्ल्याच्या बंदरावर एक म्हातारा तांडेल (होडीवरचा मुख्य माणूस) बोटांच्या पेरांवर हा हिशोब करायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, पण पाऊणकी येत होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे तेव्हा पोरं ओरडून म्हणायची. हे पाढे माणसांनी रचलेली केवढी देखणी गोष्ट आहेत, आणि आपण त्यांना शाळेतून किती सहज जाऊ दिलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना एका पंधरवड्याचं काम द्या. शुद्ध प्रतिपदेपासून पौर्णिमा उलटून आणखी दोन-तीन दिवस, रोज दिवसाच्या भरतीची वेळ धक्क्यावर बघून वहीत लिहायची. शेजारच्या रकान्यात पाऊणकीने आलेली वेळ, आणि तिसऱ्यात दोघांतला फरक. वडील मदतीला हवेतच. पाणी चढायचं थांबलं, हे त्यांना जसं दिसतं तसं तुम्हाआम्हाला दिसत नाही. आणि त्यांच्या मुलीला वर्गात जे हसणं ऐकावं लागलं, त्यावर वडिलांचं ज्ञान शाळेच्या वहीत येणं, याहून चांगला उतारा मला सुचत नाही.

पुढचं फक्त तुमच्यासाठी. वही सुरुवातीला बऱ्यापैकी जुळेल, मग थोडी सरकेल, आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घोळ दिसेल. पाऊणकीने पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रतिपदेला पाऊण, म्हणजे रीत एका दिवसात दीड तास उडी मारते. पाणी तशी उडी मारत नाही. भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते, उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत हा उशीर थोडा कमी आणि भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या) दिवसांत जास्त. दिवसाला दोन भरत्या, तेव्हा साधारण १५ तिथींत भरतीची वेळ घड्याळाच्या १२ तासांचा फेरा पुरा करते. १२ भागिले १५ म्हणजे चार पंचमांश तास, तिथीला ४८ मिनिटं. नीट गुणक पाऊण नाही, चार पंचमांश आहे. पण चार पंचमांशचा पाढा आपल्या वाडवडिलांकडे नव्हता, पाऊणकीचा होता. म्हणून त्यांनी हाताशी होता तो पाढा दर्याला लावला, आणि होड्या सुखरूप नेण्याइतका तो जुळला.

त्याच्याही पुढे जायचं तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. त्यात प्रत्येक बंदराचं पाणी अनेक लाटांची बेरीज म्हणून धरतात. त्यांतली मुख्य चंद्राची, १२ तास २५ मिनिटांची, आणि दुसरी सूर्याची, बरोबर १२ तासांची. दोघी एकमेकींच्या जोडीने आल्या की उधाण, विरुद्ध गेल्या की भांग. या लाटांचा वक्र तोच, ज्याचं कोष्टक आर्यभटांनी ४९९ साली 'ज्या' म्हणून दिलं. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी त्याचं जीबा केलं, कोणीतरी ते जैब वाचलं, लॅटिनमध्ये त्याचं सायनस झालं आणि आपल्याकडे ते साइन होऊन परत आलं. नाव एवढं फिरलं, वक्र जागचा हलला नाही. ही गोष्ट ती दहावीला त्रिकोणमिती शिकेल तेव्हासाठी ठेवा.

चार पंचमांशचं मात्र तिला आधी सांगू नका. एवढं कृपा करून पाळा. फरकाचा रकाना तिच्यासमोर असू द्या, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची उडी तिच्याच डोळ्यांना दिसू द्या. दिसली की ती मान वर करून विचारेल, "बाई, पाऊणच कित्याक?" तेव्हा कितीही अभ्यासक्रम राहिलेला असो, खडू तिच्या हातात द्या आणि तुम्ही तिच्या बाकावर जाऊन बसा. पंधरवडा संपला की त्या वहीची झेरॉक्स मला पाठवा. तिसरा रकाना मला बघायचाय.

तुमची,
ताई